लसीचा हिशेब, रोगाचा पत्ता

गावात लाळ खुरकूत आली की ती सगळ्यांत आधी गोठ्याच्या मालकाला कळते. मग शेजाऱ्याला, मग दूध संकलन केंद्रावरच्या पोराला, मग मोटारसायकलवर फिरणाऱ्या खासगी डॉक्टरला. सरकारी दवाखान्याचा नंबर बहुधा पाचवा लागतो, जिल्ह्याच्या कार्यालयाचा त्यानंतर आणि पुण्याच्या आयुक्तालयाचा त्याहून नंतर. देखरेख मात्र नेमकी उलट्या अंगाने चालते. ती पुण्यातून निघते, जिल्ह्याला येते, पंचायत समितीत उतरते आणि दवाखान्याच्या दारात थांबते. गोठ्यापर्यंत क्वचितच पोचते.

या उलट्या वाहतुकीवरून दोन माणसांत झालेला वाद पुढे दिला आहे. एक निवृत्त जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त. दुसऱ्या म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात दवाखाना सांभाळणाऱ्या पशुधन विकास अधिकारी. दोघांनाही मी अनेकांच्या बोलण्यातून घडवले आहे, तेव्हा नावे शोधत बसू नये. ‘साहेब’ आणि ‘डॉक्टर’ एवढ्या ओळखीवर भागेल. माझा कल कुणीकडे आहे हेही वाचताना कळेलच.

साहेब : लसीकरण किती झालं, एवढं विचारलं की तुम्हा लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण जिल्ह्यावर बसून मी दुसरं काय विचारणार होतो? शे-दोनशे दवाखाने, त्यातले कितीतरी रिकामे. लस किती आली, किती टोचली, किती उरली, एवढं जरी रोज कळलं तरी काम चालू आहे की झोपलंय ते समजतं.

डॉक्टर : काम चालू आहे ते समजतं, सर. रोग चालू आहे का ते नाही समजत.

साहेब : रोग लसीनं थांबतो. लस मोजली की रोग मोजला.

डॉक्टर : तिथंच आपलं जुळत नाही. २०२२ चा लम्पी त्वचारोग घ्या. तुम्ही तेव्हा खुर्चीवर होता, मी खोड्यापाशी.

साहेब : घ्या की! ऑगस्टमध्ये जळगावकडून सुरू झाला. तोवर राजस्थानात जनावरं पटापट मरत होती. आपल्याकडे लगेच बाजार बंद केले, वाहतूक थांबवली, २००९ च्या कायद्याखाली नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. लम्पीची स्वतःची लस बाजारात नव्हती, तर शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचायचं ठरलं. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून ती चालते. राज्यात गोवंश १ कोटी ३९ लाखांच्या घरात. एवढी जनावरं काही महिन्यांत लसीखाली आणली खात्यानं. रोज संध्याकाळी आकडा मागितला नसता तर हे झालं असतं?

डॉक्टर : नसतं झालं. मनापासून मान्य करते. पण ते १ कोटी ३९ लाख कुठून आले? २०१९ च्या पशुगणनेतून. मधली तीन वर्षं जनावरं काय एका जागी उभी होती? माझ्या तालुक्यात काही गावांत बैल विकून ट्रॅक्टर आले, काही गावांत पंजाबातून संकरित गाई आल्या. एका गावात आमचं काम शंभर टक्क्यांच्या वर गेलं. शंभराच्या वर कसं गेलं, हे वरून कोणी विचारलं नाही. सत्तर झालं असतं तर दुपारी फोन आला असता.

साहेब : शंभराच्या वर गेलं म्हणजे जनावरं वाढली होती. त्यात वाईट काय?

डॉक्टर : वाईट काहीच नाही. पण त्याच हिशेबानं शेजारच्या गावचे नव्वद टक्के खोटे ठरू शकतात, आणि ते तुम्हाला खुर्चीवरून दिसणार नाही. शिवाय ज्या कालवडी मोहिमेनंतर जन्मल्या, त्यांचं काय? पुढच्या वर्षी लम्पी परत आला तेव्हा वासरांनाच जास्त झाला. कागदावर गाव संरक्षित होतं. गोठ्यातलं वासरू कागदानंतर जन्मलं होतं.

इथे साहेब थोडे चिडले. चिडणे स्वाभाविक होते. त्या पावसाळ्यात खात्यातल्या लोकांनी सुट्ट्या विसरून काम केले. देशभर त्या वर्षी दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली. महाराष्ट्रातही हजारोंनी गेली, पण राजस्थानात सगळ्यांत जास्त गेली, आणि आपल्याकडे लस लवकर व सरसकट दिली गेली हे त्यामागचे एक कारण मानले जाते. टीका करताना हे विसरू नये. पण डॉक्टरांचा मुद्दा मेहनतीवर नव्हताच. मेहनत मोजायच्या पद्धतीवर होता.

साहेब : तुम्ही म्हणता आकडे बाजूला ठेवा. अहो, आकडे बाजूला ठेवले की काय होतं ते मी पाहिलंय. लसीच्या बाटल्या नाल्यात सापडलेल्या पाहिल्यात. टोचणी न करता रजिस्टर भरलेलं पाहिलंय. तपासणीची भीती नसेल तर आपला माणूस दुपारी तीनला घरी असतो. हे चारचौघांत बोलायचं नसतं, पण तुम्हालाही माहीत आहे.

डॉक्टर : माहीत आहे. पण नाल्यात बाटल्या का गेल्या, हे विचारलंत का कधी? महिनाअखेरीला उद्दिष्ट गाठायचं, बाटली एकदा विरघळवली की काही तासांत संपवायची, आणि गावातली निम्मी जनावरं रानात गेलेली. बाटलीतला हिशेब तर जुळवायचा. मग रजिस्टर जुळतं, बाटली नाल्यात जाते. ज्या आकड्यानं तुम्ही चोरी पकडता, तोच आकडा चोरी करायला लावतो.

साहेब : म्हणजे चोरी उद्दिष्टाची, चोराची नाही?

डॉक्टर : दोघांची. मी चोराला सोडत नाही, पण एकट्या त्यालाच धरत नाही.

साहेबांचा हुकमी एक्का बुळकांडी हा होता. खात्यातल्या जुन्या माणसाला देखरेखीवर बोलायला सांगितले की तो हमखास तिथे जातो, आणि जायलाच हवा. एकोणिसाव्या शतकात या रोगाने हिंदुस्थानातली गुरे इतकी मारली की १८७१ मध्ये खास आयोगाचा अहवाल निघाला, आणि १८८९ मध्ये पुण्यात जीवाणू संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली. जिवंत जंतू शहरात ठेवणे धोक्याचे म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. पुण्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल देव जाणे.

साहेब : १९५४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव, जनावर दर जनावर लस. आधी दर वर्षी हजारो ठिकाणी प्रादुर्भाव व्हायचा, दहाएक वर्षांत तो शेकड्यांवर आला. ही ताकद सरसकट लसीकरणाची आणि त्यामागच्या रजिस्टरांची. २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त म्हणून जगानं मान्य केला, २०११ मध्ये पृथ्वीवरून रोग गेला. माणसाच्या देवीनंतर पुसला गेलेला हा दुसराच रोग. बोला.

डॉक्टर : मधली वर्षं गाळलीत, सर. १९६५ ते १९९५. तीस वर्षं. तेव्हाही उद्दिष्ट होतं, तेव्हाही लस टोचली जात होती, तेव्हाही अहवाल वर जात होते. आणि रोग देशात टिकून होता, विशेषतः दक्षिणेत. कोट्यवधी डोस दिले आणि रोग चिकटून बसला. का?

साहेब : टक्केवारी कमी पडली.

डॉक्टर : काही ठिकाणी पडलीच. पण रोग शेवटी गेला तो नव्वदच्या दशकात, रोग कुठं आहे ते शोधत फिरायला लागल्यावर. गावात जाऊन विचारायचं, बाजाराच्या वाटेवर विचारायचं, मेंढपाळाला विचारायचं : तोंड आलेलं, हगवण लागलेलं, पटकन मेलेलं जनावर पाहिलंत का? लस तिथं द्यायची जिथं रोग आहे. आणि पुढचं पाऊल तर तुमच्या रजिस्टराला चक्कर आणणारं आहे. शेवटचा प्रादुर्भाव १९९५ चा. त्यानंतर लस देणंच बंद केलं.

साहेब : बंद केलं ते रोग गेल्यावर.

डॉक्टर : गेलाय का, हे बघण्यासाठी! लस टोचत राहिलो तर रक्तात प्रतिपिंडं सापडणार. ती लसीची की रोगाची, कसं सांगणार? लपलेला रोग उघडा पडावा म्हणून कळपाला उघडं ठेवलं. त्या वर्षांत तुमच्या रजिस्टरात डोसाच्या रकान्यात काय लिहिलं असेल? शून्य. आणि खात्याचं काम त्या शून्याच्या काळात सगळ्यांत चांगलं झालं.

हा घाव बसला. साहेब बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले आणि मग त्यांनी वेगळ्या अंगाने सुरुवात केली. माझ्या मते इथे वादाचा निकाल लागला होता, पण निकाल लागला म्हणून प्रश्न सुटत नाही. लाळ खुरकूत म्हणजे बुळकांडी नव्हे. बुळकांडीची एक लस जनावराला दीर्घकाळ पुरायची. लाळ खुरकुतीचे आपल्याकडे तीन प्रकार फिरतात, ओ, ए आणि एशिया-१, आणि लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. लस बंद करून रोग शोधायची चैन इथे अजून परवडणारी नाही.

साहेब : बरं, बुळकांडी सोडा. २०१९ मध्ये मथुरेहून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये. लाळ खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात, दोन रोग. २०२५ पर्यंत आटोक्यात आणायचे, २०३० पर्यंत घालवायचे. प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला, प्रत्येक टोचणीची संगणकावर नोंद. आता नोंद गावाची नाही, जनावराची आहे. तुमचा शंभराच्या वरचा प्रश्न यानं मिटला की नाही?

डॉक्टर : बराचसा मिटला. बिल्ल्याला मी नावं ठेवत नाही. लम्पीत मेलेल्या जनावराची नुकसानभरपाई बिल्ल्यामुळेच नीट देता आली. पण बिल्ला काय सांगतो? या गाईला या तारखेला लस दिली, असं कोणीतरी नोंदवलं. लस थंड होती का, ते सांगतो? दोन ते आठ अंशांत ठेवायची ती. उन्हाळ्यात तालुक्याला दिवसाकाठी सहा-सहा तास वीज नसते. उलट एखादा हुशार शिपाई फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाशेजारी ठेवतो. लाळ खुरकुतीची लस गोठली की निकामी होते. बाटली दिसायला तशीच, नोंद पण तशीच.

साहेब : म्हणून तर रक्ताचे नमुने घेतात. लसीआधी एकदा, महिन्याभरानं एकदा.

डॉक्टर : घेतात. पण त्याचा निकाल माझ्या दवाखान्याला कळेपर्यंत पुढची फेरी सुरू झालेली असते. आणि वासरांचं? पहिली लस चौथ्या महिन्यानंतर, मग बूस्टर. बूस्टर राहून गेलं तर अहवालात काही बिघडत नाही, कारण पहिला डोस मोजला गेलाय. सांसर्गिक गर्भपाताची लस तर फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदा. ती जिवंत जंतूंची लस. टोचताना सुई माणसाच्या बोटात घुसली तर त्याला ताप धरतो, सांधे धरतात, महिनोन् महिने पाठ सोडत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी कधी विचारलंय, हातमोजे मिळाले का? सुया किती मिळाल्या, किती वापरल्या? लम्पीच्या काळात एका सुईनं अख्खा गोठा टोचला जात होता, आणि आपण आपल्याच हातानं रोग पुढच्या जनावराला देत होतो.

साहेब : विचारायला हवं. (थांबून) तपासणी नमुन्यात सुयांचा रकाना नव्हता.

डॉक्टर : डोसांचा होता ना!

खरे म्हणजे या दोघांच्या मध्ये तिसरे एक माणूस बसायला हवे होते : गोठ्याचा मालक. तो लस नको का म्हणतो? लस टोचल्यावर तीन-चार दिवस दूध कमी होते आणि त्या दिवसांचे पैसे त्याला कोणी देत नाही. गाभण गाय टाकेल ही भीती तर घराघरात आहे, आणि शेवटच्या महिन्यांतल्या गाभण जनावराला मोहिमेतून वगळायचे असते हे त्याला नीट सांगितलेले नसते. रोग आला तर तो का लपवतो? कारण बोभाटा झाला की केंद्रवाला दूध घेईना, बाजारात जनावर जाईना, आणि शेजारी बोलेना. कायदा सांगतो की रोगाची माहिती मालकाने द्यायची. कायद्याला ते सांगायला काही पडत नाही. मालकाला पडते.

लम्पीत मात्र उलटे घडले. सरकारने मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये जाहीर केले, आणि ज्या गावातून एक फोन येत नसे तिथून डॉक्टरांना पंचनाम्यासाठी दिवसातून दहा फोन येऊ लागले. मरण लपवण्यापेक्षा कळवण्यात फायदा होता. त्यातली काही मरणे लम्पीची नसतीलही. पण रोगाची बातमी कशाने बाहेर येते ते एवढ्यावरून कळायला हरकत नाही. लाळ खुरकुतीने गाय सहसा मरत नाही, म्हणून तिला भरपाई नाही. ती वाचते, पण दूध निम्म्यावर येते ते पुन्हा चढत नाही, आणि उन्हाळ्यात जीभ बाहेर काढून धापा टाकत राहते. मालक तिला गुपचूप विकतो. विषाणूला गाव बदलायला तेवढे पुरते.

साहेब : भरपाई खात्याच्या हातात नसते, मंत्रालयात ठरते. खात्याच्या हातात काय आहे ते बोला.

डॉक्टर : तेच विचारते. एखाद्या पशुधन विकास अधिकाऱ्यानं महिन्यात दोन प्रादुर्भाव कळवले. त्याच तालुक्यात लसीकरण पंच्याण्णव टक्के झाल्याची नोंद आहे. तुम्ही त्याचं काय केलं असतं?

साहेब : खुलासा मागवला असता. आणि बरोबर केलं असतं. पंच्याण्णव टक्के लस देऊन रोग येतो कसा?

डॉक्टर : मग त्याच्या शेजारच्या तालुक्यातला अधिकारी काय शिकला?

साहेब : ...कळवायचं नाही, हे शिकला असेल. पण तुम्ही मला एक सांगा. खुलासा नाही मागवला तर? लस खरंच नीट दिली नसेल तर? सहानुभूतीनं शीतसाखळी दुरुस्त होत नाही.

डॉक्टर : खुलासा मागवा ना. फक्त प्रश्न बदला. ‘रोग का आला’ हे विचारलं की माणूस रोग लपवतो. ‘पहिलं जनावर आजारी पडलं ती तारीख कोणती, नमुना कोणत्या तारखेला घेतला, औंधच्या रोग अन्वेषण विभागात कधी पोचला’ हे विचारा. अंतर मोजा. जो लवकर कळवतो त्याचं अंतर कमी. त्याला शाबासकी द्या. पंच्याण्णव टक्के लस असूनही रोग आला असेल तर तो सांगतो की लस तरी बिघडली किंवा नोंद तरी. ही बातमी तुमच्या कामाची, माझ्यापेक्षा जास्त.

साहेब : नवापूर आठवतंय? २००६, फेब्रुवारी. कोंबड्या मरत होत्या, सगळे राणीखेत समजत होते. भोपाळच्या प्रयोगशाळेनं सांगितलं बर्ड फ्लू, देशातला पहिला. मग लाखो पक्षी मारावे लागले. तिथंही गोष्ट अंतराचीच होती म्हणा.

डॉक्टर : होती.

साहेब : पण तारखा काय, रजिस्टरात बदलतात. तुम्ही अंतर मोजायला लागलात की पहिलं जनावर नेहमी कालच आजारी पडलेलं असेल. डोसाचा रकाना भरणारा हात तारखेचाही रकाना भरेल.

डॉक्टर : भरेल. म्हणून एकट्या रजिस्टरवर भागणार नाही.

साहेब : मग मी सांगतो. दूध केंद्राची वही. लाळ खुरकूत आली की तिसऱ्या दिवशी गावाचं दूध पडतं. ती वही दवाखान्याच्या हातात नाही, म्हणून तिथं तारीख बदलता येत नाही. केंद्रवाला वही दाखवायला कुरकुर करेल, पण दूध संघाकडे आणि खासगी डेअरीकडे गावनिहाय आकडे रोज जातात. जिल्ह्यानं ते रोज बघायचे. एखाद्या गावाचं दूध कारणाशिवाय पडलं की दुसऱ्या दिवशी दवाखान्याला फोन : जाऊन बघा. टक्केवारीचा नव्हे, गोठ्याचा.

हे ऐकून डॉक्टर हसल्या. ज्या आकड्यांवर त्या तासभर तुटून पडल्या होत्या, त्यांच्याहून चांगला आकडा साहेबांनीच काढून दिला होता. पण त्या लगेच पुढे सरकल्या.

डॉक्टर : छान आहे. पण बैल दूध देत नाहीत, सर. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीला गाड्या निघतात. एका कारखान्यावर शेकडो बैल एकत्र बांधलेले असतात. रोगाला याहून चांगली जत्रा नाही.

साहेब : बैलाचा कारखान्याच्या वजनकाट्यावर हिशेब असतो. गाडीची खेप काटा पावतीवर येते. खुरात झालं की बैल पाय टाकत नाही, खेपा कमी होतात. मुकादम लपवेल, पावती लपवणार नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाकडून ते घ्या.

डॉक्टर : आणि मेंढ्या? धनगराचा वाडा कुठल्या काट्यावर चढत नाही, कुठल्या केंद्रावर दूध घालत नाही. आज माझ्या तालुक्यात, पंधरा दिवसांनी दुसऱ्याच. त्यांच्यातला रोग मला कळतो तो मेलेली मेंढी बांधावर दिसली की.

साहेब : त्याच्याकडे मात्र चालत जावं लागेल.

डॉक्टर : दिवाळीनंतर तो कोकणात उतरलेला असतो.

साहेब : मग दिवाळीच्या आधी जा. दौरा दैनंदिनीत लिहा, आणि कोणी विचारलं की आज डोस किती दिले, तर शून्य सांगा.